रुळांशेजारचा बोलपट

आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचं शूटिंग बरंचसं रात्री एक ते चारच्या दरम्यान झालं, कारण स्टुडिओ रेल्वेच्या रुळांशेजारी! गाड्या थांबल्या की अर्देशीर इराणींचं काम सुरू. चित्र नि आवाज एकाच फिल्मवर उतरत, त्यामुळे खडखडाट मागाहून वेगळा काढायची सोयच नव्हती.

कॅमेऱ्याचीही घरघर असायची. हॉलिवूडमध्ये तर सुरुवातीला तो कॅमेरामनसकट बंद खोपटात कोंडत. (बिचारा उकडून निघत असणार!)

आमच्या सणसरला नातू घरीच अभंग रेकॉर्ड करतो. तिथे त्रास कॉम्प्युटरच्या पंख्याचा. त्याने सीपीयू शेजारच्या खोलीत नेला, लांब वायर ओढली, माईकमागे गोधडी टांगली. उरलेली घरघर सॉफ्टवेअर काढतं. त्याला आधी नुसत्या घरघरीचा काही सेकंदांचा नमुना द्यायचा. पण जास्त काढलं की गाणारा डब्यात बसल्यासारखा वाटतो. मला विचाराल तर गोधडीच बरी.

गळीत हंगामात मात्र भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, त्यांवरची गाणी... रात्रीसुद्धा खंड नाही. इराणींच्या गाड्या निदान थांबत तरी होत्या!