विचारायला कोणी नसतं तेव्हा

परवा नात पुण्याहून आली ती जरा उतरलेल्या चेहऱ्यानं. ती कंपनीत कोड लिहिते. तिच्या ऑफिसात हल्ली कोडची बरीच कामं एआय एजंट करतात. एजंट म्हणजे काम सांगितलं की पायऱ्या स्वतः ठरवून, संगणकावर आज्ञा चालवून ते पुरं करणारा प्रोग्राम. कोडची रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, सांभाळणारं गिट नावाचं साधन आहे. ते कसं वापरायचं याचं टिपण तिनं या एजंटांसाठी लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती, 'सुरुवातीला फोल्डर स्वच्छ करून घ्या.'

एजंटनं स्वच्छ केलं! तिनं सकाळपासून लिहिलेल्या, पण गिटमध्ये अजून न नोंदवलेल्या फायली गेल्या. गिटनं ज्याची नोंदच घेतली नाही ते गिट परत कुठून देणार?

"आजोबा, ऑफिसातल्या कोणीही आधी मला विचारलं असतं हो," ती म्हणाली.

मी साधा मराठी माध्यमातला बी.ए. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण 'हे आधी कसं होतं?' ही खोड काही जात नाही. चार दिवस वाचत बसलो, नातीला भरपूर छळलं. हाती लागलं ते असं.

३ नोव्हेंबर १९७१. अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती काढली. प्रत्येक आज्ञेला ठरावीक मथळे: नाव, लिहायची रीत, काम. लिखाण अगदी मोजकं. त्यातले दोन मथळे मला फार आवडले. एक 'बग्ज', म्हणजे या आज्ञेतल्या उणिवा. आपल्याच कामातले दोष मॅन्युअलमध्येच छापून मोकळे! दुसरा 'ओनर'. अडलं तर कोणाला विचारायचं, त्याचं नाव. थोडक्यात लिहून भागत होतं, कारण उरलेलं सांगायला माणूस हाकेच्या अंतरावर होता.

१९७२ मध्ये बेल लॅब्जमध्येच मार्क रॉचकाइंड यांनी कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन तयार केलं. आजच्या गिटचं हे पणजोबा म्हणायला हरकत नाही. खुद्द गिट आलं एप्रिल २००५ मध्ये. लिनक्सचे कर्ते लायनस टॉरवाल्ड्स तोवर दुसऱ्या एका कंपनीचं साधन वापरत होते. त्याची फुकट वापराची सवलत गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, आणि काही दिवसांतच गिट स्वतःचा कोड स्वतः सांभाळू लागलं. पण आता वापरणारे जगभर पसरलेले. शेजारच्या टेबलाशी जाऊन विचारायची सोय संपली.

गिटला वाचकही दोन जातींचे मिळाले. 'स्टेटस' ही आज्ञा दिली की माणसासाठी ते वाक्यांत बोलतं, पुढे काय करता येईल तेही सुचवतं. त्याच आज्ञेला 'पोर्सेलीन' हा पर्याय जोडला की नुसत्या खुणा आणि फायलींची नावं येतात. हे दुसऱ्या प्रोग्रामनं वाचावं म्हणून. ती मांडणी पुढच्या आवृत्त्यांतही बदलणार नाही, असं मॅन्युअलमध्ये वचन दिलंय. माणसाला अर्थ हवा, यंत्राला ठरलेला साचा हवा. हिशोब सरळ होता.

आता तिसरा वाचक आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाचं नाव, कोणती माहिती द्यायची ते, आणि साध्या भाषेत वर्णन लिहायचं असतं. ते वर्णन वाचून एजंट ठरवतो की हे साधन वापरायचं का. मग २०२५ मध्ये 'एजंट्स डॉट एमडी' नावाच्या फायलीची रीत पडली. रिपॉझिटरीत माणसांसाठी 'रीडमी' असतेच, तिच्या शेजारी ही एजंटांसाठी.

मला वाटतं, खरा बदल इथं आहे. आधी मॅन्युअल यंत्राच्या शेजारी ठेवलेलं असायचं. त्यातलं वाक्य ढिलं असलं तरी वाचणारा माणूस सांभाळून घ्यायचा. आता ते वाक्यच यंत्राचा भाग झालंय. हा वाचक माणसासारखा अर्थ लावतो आणि यंत्रासारखा न थांबता पुढे जातो. कालचं काही लिहून ठेवलं नसेल तर आज त्याला ते ठाऊक नसतं. वर्गात अशी मुलं असायची. शंका विचारायची नाहीत, स्वतःच अर्थ लावून पेपर पुरा करायची. गुण कापताना मी कधी म्हटलं नाही की प्रश्न माझाच धड नव्हता. आज वाटतं, काही वेळा म्हणायला हवं होतं.

रविवारी नातीनं टिपण नव्यानं लिहिलं. 'स्वच्छ करा' गेलं. त्याजागी आलं: 'आधी स्टेटस बघा. न नोंदवलेलं काही दिसलं तर हात लावू नका, कळवा आणि थांबा.' नोंद करताना तिचं कारण त्याच आज्ञेत लिहा, नाहीतर संपादक उघडून बसेल. जुना इतिहास पाहताना पानापानानं दाखवणं बंद ठेवा, नाहीतर पुढच्या कळीची वाट बघत काम अडेल. दुसऱ्यांच्या नोंदी पुसून आपल्या लादणारी आज्ञा विचारल्याशिवाय कधीच नाही. हे सगळं तिच्या ऑफिसात प्रत्येकाला पाठ होतं, म्हणूनच कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "आणि बग्ज?" तिनं तोही मथळा घातला, आणि खाली पहिली उणीव म्हणून त्या दिवशीची स्वतःची चूक लिहिली. मग 'ओनर'. तिथं स्वतःचं नाव.

असो. कोडवाल्या मंडळींना माझ्या लिहिण्यात काही चुकीचं दिसलं तर जरूर सांगा. मी विचारू शकणाऱ्यांपैकी आहे.