तळटीप : ‘मागची आज्ञा वर आणली’

बिल जॉय यांच्या सी शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन उद्गारचिन्हे टंकली की मागची आज्ञा पुन्हा चाले. पण लांबलचक ओळीत एकच अक्षर चुकले, तरी कर्सर तिथवर नेऊन ते सुधारता येत नसे. ही मोठी सोय डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने दिली: ‘सेट -ओ व्हीआय’ म्हटले की व्हीआय संपादकाच्या कळांनी ओळ दुरुस्त होते.

बॅश या शेलमध्ये (१९८९) हे काम रीडलाइन ही लायब्ररी करते. कंट्रोल-आर दाबून दोन-तीन अक्षरे टंकावीत, जुनी आज्ञा समोर येते.

मात्र मुळात ५००च आज्ञा जपल्या जातात, म्हणून ही मर्यादा ठरवणारा ‘हिस्टसाइझ’ हा चल वाढवावाच. शिवाय शेलच्या दोन खिडक्या उघड्या असल्या, तर शेवटी बंद होणारी खिडकी दुसरीचा इतिहास पुसून टाकते. ते टाळण्यासाठी ‘.बॅशआरसी’ फाइलीत ‘शॉप्ट -एस हिस्टअपेंड’ ही ओळ घालावी. — संपादक