क्रेझी चार्लीची कुळकथा

बहामा द्वीपसमूहात अँड्रॉस हे आकाराने सर्वांत मोठे बेट असले, तरी गळ टाकणाऱ्यांच्या जगात त्याची कीर्ती भूमीपेक्षा भोवतालच्या पाण्यामुळेच पसरली. कारण तेथील विस्तीर्ण, उथळ आणि शुभ्र वाळूच्या तळावर, कित्येकदा गुडघाभरही नसलेल्या पाण्यात, बोनफिश नावाचा रुपेरी, कमालीचा सावध आणि विलक्षण वेगवान मासा भरतीबरोबर चरावयास येतो. त्याचे मुख खालच्या बाजूस असून टाळूवर कवचे चिरडणारे कठीण दात असतात, आणि कोळंबी, खेकडे, किडे यांच्या शोधात तो तळ उकरू लागला म्हणजे त्याचे शेपूट पाण्याबाहेर डोलू लागते.

पिसे, केस आणि दोरा गळाला बांधून केलेल्या कृत्रिम आमिषाने, म्हणजे फ्लायने, हा मासा बुद्धिपुरस्सर धरता येतो, ही गोष्ट 1947 साली जो ब्रुक्स याने फ्लोरिडाच्या कीज बेटांवर, जिमी ऑलब्राइट या वाटाड्याच्या साहाय्याने, सर्वतोमुखी केली. परंतु एक अडचण उरलीच. मासा तळाशी चरणारा, म्हणून फ्लायही तळाशी नेणे प्राप्त. आणि ती तळाशी नेली की गळाचे टोक गवतात, प्रवाळात अडकलेच म्हणून समजावे. बर्म्यूडाच्या पीट पेरिंचीफ याने आपल्या ‘हॉरर’ नामक फ्लायचे केस गळाच्या टोकाच्या बाजूस बांधून या अडचणीवर एक तोडगा काढला होता.

त्यापुढील पाऊल अँड्रॉसवर पडले. कॅलिफोर्नियाचा बॉब नॉहाइम चार्ली स्मिथ या तेथील नामांकित वाटाड्याबरोबर मासे धरीत असे. 1977 च्या सुमारास, बोनफिश ज्यांच्यावर तुटून पडतो त्या काचेसारख्या पारदर्शक चिमुकल्या माशांवरून, नॉहाइमने एक फ्लाय बांधली. रुपेरी कलाबतूवर पारदर्शक वेष्टन, टोकाच्या बाजूस पांढरी पिसे, आणि गळाच्या दांड्यावर, नेढ्याजवळ, धातूच्या मणीसाखळीचे दोन मणी डोळे म्हणून, एवढाच तिचा सरंजाम. परंतु मण्यांच्या भाराने गळ पाण्यात उलटा होई, टोक वर राही आणि ओढ थांबताच फ्लाय मुंडी खाली घालून बुडे. ‘नॅस्टी चार्ली’ हे तिचे पहिले नाव. ऑर्व्हिस पेढीचे ली पर्किन्स यांनी तिला आपल्या सूचिपत्रात दाखल करताना ते ‘क्रेझी चार्ली’ असे केले.

पुढे पिसांच्या जागी वासराच्या शेपटीचे केस आले, गुलाबी आणि फिकट तपकिरी रंग आले, आणि मुळात माशाची असलेली ही प्रतिकृती कोळंबीची म्हणून रूढ झाली. वास्तविक तिला ना कोळंबीचे पाय, ना मिशा. परंतु तळाशी दबकणे, दचकून झेपावणे आणि पुन्हा वाळूत विसावणे ही कोळंबीची चाल ती तंतोतंत उचलते. अँड्रॉसवरच जिम मॅकव्हे याने रूढ केलेली ‘गॉचा’ ही याच कुळातील होय.

क्रेझी चार्लीचा प्रयोगही संयमाचा. नावेच्या मागील बाजूस उभा राहून वाटाड्या बांबूसारख्या लांब काठीने नाव रेटतो, नाळेची दिशा बारा वाजल्याची मानून घड्याळाच्या काट्यांवरून माशाचा ठाव सांगतो; मग फ्लाय माशाच्या वाटेवर काही हात पुढे टाकावी, तळाला जाऊ द्यावी, हाताने दोरी थोडी थोडी ओढावी, आणि ओढ जाणवताच गळाची काठी न उचलता दोरीच ताणून गळ रुतवावा. काठी उचलली तर फ्लाय माशाच्या समोरून निघून जाते आणि संधी बहुधा हुकते.

कारागिरांच्या इतिहासात बांधणाऱ्याचे नाव टिकते आणि पाणी ओळखणाऱ्याचे पुसले जाते, हा सर्वत्र आढळणारा अन्याय. या एका फ्लायने मात्र अँड्रॉसच्या वाटाड्याचे नाव जगभर नेले, आणि ते सर्वथा यथार्थ झाले, असेच म्हटले पाहिजे.