न्यूरोफीडबॅक: मांजरांपासून क्लिनिकपर्यंत

समजा, उद्या ओळखीच्या एखाद्या समुपदेशकाने तुम्हाला विचारलं, "क्लिनिकमध्ये न्यूरोफीडबॅकचं मशीन घेऊ का?" तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणजे उत्तर तुमच्याकडूनच अपेक्षित आहे. घाई करू नका. आधी या तंत्राचा इतिहास बघू.

१९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. निबंध मात्र छापला १९२९ मध्ये. डोळे मिटून शांत बसल्यावर दिसणाऱ्या लहरीला त्याने अल्फा हे नाव दिलं.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: ही लहर माणसाला ओळखता येईल का? शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी नेमकं हेच तपासलं. 'आत्ता अल्फा आहे की नाही?' असं ते विचारायचे आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगायचे. सरावाने लोकांची उत्तरं सुधारत गेली. १९६८ मध्ये त्यांचा लेख 'सायकॉलॉजी टुडे'त आला आणि अल्फाचं वेडच पसरलं. पण पुढच्या काही वर्षांतल्या प्रयोगांत दिसलं की 'अल्फाने मिळणारी शांती' बरीचशी माणसाच्या अपेक्षेतून येते.

आता मांजरांकडे या. त्याच काळात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची एक लहर वाढवायला शिकवत होते. लहर आली की खाऊ. नंतर रॉकेटच्या इंधनाचा विषारी परिणाम तपासताना काही अशी शिकलेली मांजरंही प्रयोगात होती. त्यांना आकडी उशिरा आली, काहींना आलीच नाही. मांजराला 'आपल्यावर उपचार चाललाय' हे माहीत नसतं, म्हणून हा पुरावा मोलाचा. १९७२ मध्ये स्टर्मन यांनी अपस्माराच्या एका रुग्णावर हेच प्रशिक्षण वापरल्याचं प्रसिद्ध केलं. १९७६ मध्ये जोएल लुबार यांनी ते अतिचंचल मुलाकडे नेलं, आणि तिथून ते खाजगी क्लिनिकांत पोचलं.

इथे थांबा. एका रुग्णापासून क्लिनिकपर्यंतच्या या प्रवासात काय राहून गेलं? तुलनेचा गट!

तो नीट आला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात. एडीएचडी असलेली ७ ते १० वयाची १४४ मुलं. एका गटाला खरा फीडबॅक, दुसऱ्याला आधीच रेकॉर्ड केलेल्या ईईजीवर चालणारा खोटा. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, प्रशिक्षकांना माहीत नव्हतं. निकाल? दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच.

म्हणजे सुधारणा खोटी नव्हती बरं का. पण तिचं श्रेय लहरींना देता येत नाही. नियमित येणं, लक्ष देणारा माणूस, पालकांची आशा, यांचाही वाटा असू शकतो. तीस-चाळीस सेशनचे पैसे भरणाऱ्या आईबापांना हे आधी कळायला हवं की नको?

तेव्हा त्या समुपदेशकाला सांगा: एडीएचडीसाठी 'हमखास गुण येईल' असं म्हणू नका, चालू असलेले उपचार थांबवू नका, पुराव्याची स्थिती पालकांना स्पष्ट सांगा. आणि स्वतःच्या वहीत एक प्रश्न लिहून ठेवा. कुठल्याही उपचाराबद्दल 'फायदा झाला' असं वाचलंत की विचारा: कोणाच्या तुलनेत?