पॅकेटचा मुक्काम

संगणकाच्या जाळ्यातून धावणारे पॅकेट मेमरीच्या ज्या कप्प्यात घटकाभर टेकते, त्याला बफर म्हणतात. या बफरची वंशावळ शोधत आपण मागे निघालो, तर एक विस्मृतीत गेलेला पूर्वज तारघरात सापडतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठ्या तारकेंद्रांत आलेला संदेश कागदी फितीवर भोकांच्या रूपाने उमटे. कारकून ती फीत फाडून घेई, पुढची लाइन मोकळी होईपर्यंत अडकवून ठेवी आणि मग दुसऱ्या यंत्रात घाली. गर्दी झालीच तर फितींचा ढीग वाढे, एवढेच. 1969 साली अर्पानेटच्या पहिल्या ‘इम्प’ यंत्रात ही चैन उरली नाही. हनीवेल 516 जातीच्या या यंत्राची मेमरी 16 बिटांच्या 12 हजार शब्दांची, म्हणजे 24 किलोबाइट. प्रोग्राम त्यातच, तक्ते त्यातच आणि उरल्या जागेत पॅकेटे. लांब संदेशाचे आठपर्यंत तुकडे होत आणि मुक्कामावर ते पुन्हा जोडले जात. कधी असे होई की मुक्कामाच्या यंत्राचे सगळे बफर अर्धवट संदेशांनी भरलेले आणि ते पुरे करणारे तुकडे शेजारच्या यंत्रात जागेसाठी ताटकळलेले. कोणी पुढे सरकेना, कोणी जागा सोडेना. तेव्हा ‘आधी जागा राखून ठेवा, मगच लांब संदेश पाठवा’ असा नियम आला. 1972 च्या एका शोधनिबंधात मॅक्विलन आणि सहकाऱ्यांनी ही दुरुस्ती मांडली. बफर-व्यवस्थापन हे स्वतंत्र शास्त्र म्हणून जन्मले ते माझ्या मते या कोंडीतून.

पुढचे वळण 1983 चे. बर्कलेच्या युनिक्समध्ये, 4.2 बीएसडी या आवृत्तीत, ‘एमबफ’ नावाचा 128 बाइटांचा कप्पा आला. त्यात पॅकेटचा मजकूर मावे 112 बाइट. मोठे पॅकेट म्हणजे अशा कप्प्यांची साखळी. मेमरी महाग होती, त्या काळाला शोभणारी ही काटकसर. पुढच्या दशकात लिनक्सने आपली वेगळी चूल मांडली. त्याच्या ‘एसके-बफ’मध्ये पॅकेट सलग जागेत राही. साखळी चालत बसण्यापेक्षा थोडी जागा वाया गेलेली परवडली, असा हिशेब. ॲलन कॉक्स यांनी 1996 साली त्यावर सविस्तर लिहिले.

आपल्याकडे मात्र त्या काळी अडचण वेगळीच होती. एर्नेट प्रकल्प 1986 साली सुरू झाला आणि मुंबईची एनसीएसटी त्यातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. दशक सरता सरता तिथून अमेरिकेशी जोडणी झाली, तिचा वेग सेकंदाला 9,600 बिट. दीड हजार बाइटांचे एक पॅकेट बाहेर पडायला सव्वा सेकंद लागे. तेवढ्या अवधीत मेमरीत कितीही उलथापालथ करा, कुणाला पत्ता लागू नये.

आता तेवढा अवधी उरलेला नाही. दहा गिगाबिटच्या जोडणीवर लहानात लहान पॅकेट 67 नॅनोसेकंदांनी येते, सेकंदाला जवळजवळ दीड कोटी. प्रत्येक पॅकेटसाठी मेमरी मागायची, भरायची, तिथून दुसरीकडे उतरवायची आणि परत करायची, हे तेवढ्यात बसत नाही. हे दुखणे एवढा वेग येण्याआधीच कळले होते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली दाखवले की पॅकेटांचा मारा वाढला की यंत्र केवळ ‘आले, आले’ अशा हाकांना ओ देण्यातच गुंतते आणि हातून काम एकही होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी कॉर्नेलच्या ‘यू-नेट’ने ऑपरेटिंग सिस्टीमला बाजूला ठेवून प्रोग्रामलाच थेट बफर देऊन पाहिले होते. कल्पना काळाच्या पुढची होती. तिला बाजार मिळाला तो 2010 नंतर. इंटेलमधून डीपीडीके आले, तर 2012 साली पिसाच्या लुइजी रिझ्झो यांचे ‘नेटमॅप’. दोघांचेही सूत्र वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा पाहिलेल्याला लगेच उमगेल: ढीग जागचा हलत नाही, चिठ्ठी या हातातून त्या हातात जाते. सगळे बफर सुरुवातीलाच राखून ठेवायचे, पॅकेट नेटवर्क कार्डने थेट तिथे उतरवायचे आणि पुढे फक्त पत्ता फिरवायचा. गंमत अशी की डीपीडीकेमध्ये ‘एमबफ’ हे नाव परतले, 128 हा आकडाही परतला. पण आता 128 बाइट नुसत्या नोंदीलाच लागतात, मजकूर वेगळा.

ही वाट आज हिंगोली जिल्ह्यात येऊन पोचते. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने 2016 साली तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझरचे किरण आणि गुरुत्वीय लहरींचा शोध. या जातीच्या अमेरिकेतल्या यंत्रांत मुख्य वाहिनीच्या सेकंदाला 16,384 नोंदी होतात. प्रत्येकी चार बाइट धरले तरी एनसीएसटीच्या त्या जुन्या लाइनला हे ओझे पन्नासपटीहून जड. आणि यंत्राच्या तब्येतीची खबर देणाऱ्या वाहिन्या आणखी हजारो. तिथल्या नियंत्रणप्रणालीत प्रोसेसरचे काही गाभे लिनक्सच्या कारभारातून वेगळे काढून एकाच कामाला जुंपलेले असतात. डीपीडीकेवाल्यांना ही रीत घरचीच वाटेल.

लहर कुठून आली हे ठरवायला दूरदूरच्या केंद्रांच्या नोंदी एकत्र याव्या लागतात, दुर्बिणींना वर्दी द्यायची तर त्या झटपट पोचाव्याही लागतात. 2015 च्या पहिल्या लहरीत अमेरिकेच्या दोन केंद्रांतले अंतर अवघे सात मिलिसेकंद होते. दुधाळ्याहून अमेरिकेपर्यंतच्या जा-येला पाव सेकंद आणि वेग दहा गिगाबिट धरून पाहू. पोच मिळेपर्यंत पाठवणाऱ्याला जवळ ठेवावा लागणारा मजकूर 31 कोटी बाइटांच्या वर जातो. तो साठवायला 1969 ची ‘इम्प’ यंत्रे साडेबारा हजारांहून अधिक लागली असती, आणि तीही प्रोग्रामसाठी जागा न ठेवता.