तीस अंशांचा निवाडा

सेवाग्रामच्या बापूकुटीचे त्रिमितीय प्रतिरूप मी घरच्या संगणकावर तयार केले आणि शेजारच्या आजींना दाखवले. त्या म्हणाल्या, “हे तं शिमिटाचं घर दिसते. मातीच्या भितीचा कोपरा असा रायते काय?” मापे बरोबर होती, कवेलूंचा उतारही बरोबर होता. तरीही आजींचेच खरे होते. चूक कोपऱ्याच्या कडेत होती. ती शोधताना मला या कडेचा इतिहास वाचावा लागला.

खडबडीत पृष्ठभाग किती उजळ दिसेल, हे प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभागावरचा लंब यांच्यातील कोनावर ठरते. हा नियम लाम्बेर्ट याने १७६० मध्ये मांडला. संगणकात वस्तू सपाट तुकड्यांची बनते. प्रत्येक तुकड्याला त्याचाच लंब दिला, तर माणसाचा गालही पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा दिसतो. त्यात आपला डोळा उजेड-सावलीची सीमा आहे त्याहून ठळक करून पाहतो. अर्न्स्ट माख याने १८६५ मध्येच ते नोंदवले होते. युटा विद्यापीठात आंरी गुरो याने १९७१ मध्ये तोडगा काढला. शेजारच्या तुकड्यांच्या लंबांची सरासरी त्यांच्या सामाईक बिंदूला द्यायची, तिथली उजळता काढायची आणि ती बिंदू-बिंदूंमध्ये हळूहळू बदलत न्यायची. त्यासाठी त्याने पत्नीच्या चेहऱ्यावर रेषा आखून मापे घेतली होती. त्याच विद्यापीठातील बुई तुआँग फाँग याने उजळतेऐवजी लंबच हळूहळू वळवला, त्यामुळे चकाकीही नीट दिसू लागली. त्याचा लेख १९७५ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी तो वारला.

पण सगळेच गुळगुळीत झाले, तर पेटीची कड कुठे राहील? यावरचा उपाय साधा आहे. जिथे कड हवी, तिथे एकाच बिंदूला दोन लंब द्यायचे, प्रत्येक बाजूला तिचा स्वतःचा. आकार तोच राहतो, बदलतो फक्त उजेड. अशा हजारो कडा हाताने कोण निवडणार? म्हणून आज्ञावली कोन मोजते. ब्लेंडर या मुक्त आज्ञावलीत हा उंबरठा दीर्घकाळ आपोआप ३० अंशांवर असे. दोन तुकड्यांमधला वळणकोन त्याहून मोठा असेल तर कड कठोर, लहान असेल तर मृदू.

बापूकुटीचा कोपरा ९० अंशांचा, म्हणून यंत्राने तो धारदार ठरवला. मी तो सरसकट मृदू केला, तर सरासरी लंबांमुळे सपाट भिंतीच उशीसारख्या फुगलेल्या दिसू लागल्या. शेवटी कोपऱ्यावर अरुंद, वळणाऱ्या पट्ट्या घातल्या आणि भिंतींचे लंब सरळ ठेवले. तेव्हा कुठे सारवणाऱ्या तळव्याची गोलाई आली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. ही कुटी मूळची मीराबेनची, आणि भिंतींवरची मातीची उठावचित्रेही त्यांचीच. त्या उठावाचे चढ इतके हलके आहेत की ३० अंशांच्या हिशेबी ते जवळजवळ नसल्यातच जमा होतात.

इथवर प्रश्न दिसण्याचा होता. धाम नदीकाठच्या पवनारला तो पुराव्याचा होतो. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे प्रतिपादन केले. विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत खोदताना जुनी शिल्पे निघाली. भरत-राम भेटीचे शिल्प त्यांतलेच. अशा जुन्या दगडात दोन प्रकारच्या कडा असतात. एक शिल्पकाराच्या छिन्नीची, पण शतकानुशतके झिजून बोथट झालेली. दुसरी नंतर कधीतरी दगड फुटल्याची, अजून तीक्ष्ण. छायाचित्रांवरून केलेले जड प्रतिरूप हलके करून ३० अंशांचा नियम लावला, की बोथट कड उंबरठ्याखाली राहून पुसली जाते आणि फुटीची कड ठसठशीत उरते. मग शिल्पकाराचा हात नाहीसा होतो आणि दगडाची जखम तेवढी दिसते. यंत्र कोन मोजते, पण तो कोन कोणी केला हे त्याला कळत नाही.

उद्या अभ्यासक मूळ दगडापर्यंत जाण्याआधी असे प्रतिरूपच पाहतील. वस्त्राची चुणी इथे आहे की नाही, हे ते पडद्यावरून ठरवतील. म्हणून मूळ जड प्रतिरूप जपून ठेवावे, आणि हलक्या प्रतीत कोणती कड आपण हाताने राखली, कोणती सोडली आणि का, याची टिपण सोबत द्यावी. शिलालेख वाचणारा संशयित अक्षर कंसात लिहितो. कडेच्या बाबतीतही तेवढा प्रामाणिकपणा हवा.

मी आता प्रत्येक प्रतिरूपासोबत एक वही ठेवतो. तिच्या पहिल्या पानावर आजींचा प्रश्न लिहिला आहे.