मोमियाई : एका औषधाच्या नावाचा प्रवास

इ. स. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २९ तारखेस मुंबईतील आर्थर रोडवरील, म्हणजे आजच्या साने गुरुजी मार्गावरील, साथीच्या रोगांच्या रुग्णालयावर सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, अर्थात प्लेगचे, निदान करून त्या वेळी जेमतेम पाच आठवडे लोटले होते. रोग्यास सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार म्युनिसिपल कमिशनरांनी हाती घेतला होता, आणि चाळीतून उचलून नेलेला मनुष्य बहुधा परत येत नसे. हल्ल्याचे कारण म्हणून एवढे पुरेसे आहे. परंतु त्या काळात मुंबई इलाख्यात जी अफवा पुनःपुन्हा उठत होती तिच्यात एक शब्द सापडतो, आणि भाषेच्या अभ्यासकाने तो सहजासहजी सोडून देऊ नये. तो शब्द मोमियाई.

अफवा अशी की, रुग्णालयातील डॉक्टर माणसाला उलटे टांगतात, खाली मंद विस्तव ठेवतात आणि त्याच्या देहातून ठिबकणारे तेल भांड्यात धरतात. हे तेल म्हणजे मोमियाई. ते लावले की कसलीही जखम भरून येते. ही समजूत एकट्या मुंबईची नव्हे. विल्यम क्रुक यांनी उत्तर हिंदुस्थानातील लोकसमजुतींवरील आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे, आणि योगायोग असा की त्या ग्रंथाची दोन खंडांतील आवृत्ती १८९६ सालचीच आहे. मुंबईत तिला एक जोडही मिळाली. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते (हे कृत्य आपले असल्याचे दामोदर चाफेकर यांनी पुढे सांगितले). तेव्हा या अपमानाने संतापलेल्या राणीच्या समाधानासाठी रोग्यांची काळिजे काढून विलायतेस धाडतात, असेही लोक बोलू लागले.

आता शब्दाकडे वळू. फारसीत 'मूम' म्हणजे मेण. (मराठीने आपला 'मेण' हा शब्द संस्कृत 'मदन' या शब्दापासून प्राकृतद्वारा घेतला, म्हणून हिंदीत मोमबत्ती जळते तेथे आपल्याकडे मेणबत्ती जळते.) 'मूम'वरून 'मूमिया' झाला. इराणच्या फार्स प्रांतात दाराबगिर्दजवळ खडकातून पाझरणारे काळे, मेणासारखे मऊ शिलाजतुसदृश द्रव्य, हा त्याचा मूळ अर्थ. मोडलेले हाड आणि जखम यांवर ते देत असत, आणि त्याचे मोल इतके की त्या जागेवर राजाचा पहारा असे. अरबी वैद्यकात या औषधाला मोठी प्रतिष्ठा होती. आपल्याकडील युनानी परंपरेत हेच नाव चालत आले. मध्य आशियात तर शिलाजिताला आजही 'मूमियो' म्हणतात.

मध्ययुगात अरबी ग्रंथांचे लॅटिन अनुवाद होऊ लागले तेव्हा अनुवादकांनी या शब्दाची विलक्षण उलथापालथ केली. मिसरमधील प्रेतांना लावलेला काळा लेप आणि इराणी मूमिया ही एकच वस्तू होय, असे त्यांनी धरले. पुढे लेपाचे नाव प्रेताला चिकटले आणि 'मम्मी' हा शब्द जन्मास आला. हा प्रमाद शब्दापुरता राहिला असता तर त्याची नोंद कोशात करून थांबता आले असते. पण सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपातील औषधविक्रेते प्रेतांची भुकटी खरोखरीच विकत होते आणि रोगी ती पोटात घेत होते. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस ती नेहमी जवळ बाळगीत असे, असे सांगतात. आंब्रुआझ पारे या शस्त्रवैद्याने १५८२ साली या औषधाविरुद्ध निबंध लिहिला, तरीही त्याची विक्री पुढे दीर्घकाळ चालूच राहिली.

तेव्हा गोरा डॉक्टर माणसाच्या देहापासून औषध करतो, ही लालबाग-परळच्या कामगाराची कल्पना तत्कालीन अधिकाऱ्यांना निव्वळ अडाणीपणाची वाटली, तरी त्याच अधिकाऱ्यांच्या पूर्वजांच्या औषधपेटीत तसे औषध होते. कामगाराला हा इतिहास ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याच्यासमोर होते ते एवढेच: स्त्रीपुरुषांच्या काखा आणि जांघा परक्या हातांनी तपासल्या जात, स्मशानात नेण्यापूर्वी प्रेताची तपासणी होई, शवविच्छेदनाची टांगती भीती असे. देह आपला राहिला नाही, हे त्याला दिसत होते. मोमियाई हे त्या अनुभवास त्याने दिलेले, आधीपासून हाताशी असलेले नाव होय, असे माझे मत आहे. १८९७ साली निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली प्लेग-रुग्णालये काढली आणि शुश्रूषेला ओळखीची माणसे दिसू लागली, तेव्हा रुग्णालयात जाण्यास होणारा विरोध पुष्कळ ओसरला. रोग तोच, आणि औषधातही फारसा फरक पडलेला नव्हता.

औषधच सांगावयाचे तर ते वाल्देमार हाफकिन यांच्याकडे तयार होत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत स्वतःस लस टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. लसीसाठी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्शात वाढवीत. हिंदू आणि मुसलमान या दोहोंस चालावे म्हणून मांस बोकडाचे घेत, आणि रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत असे. पुढे उष्णता देऊन जंतू मारीत. परळच्या बंद दारांआड मांस, स्निग्ध पदार्थ आणि विस्तव ही तिन्ही होती, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आर्थर रोडचे ते रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय या नावाने चालू आहे. २०२० च्या मार्च महिन्यात मुंबईतील कोविडचे पहिले रोगी तेथेच ठेवण्यात आले. त्या साथीत शव प्लास्टिकच्या आवरणात बंद करून दिले जाई, नातलगांना ते उघडता येत नसे. आणि रोग्यांचे अवयव काढून विकतात, अशी अफवा देशात ठिकठिकाणी पसरली. मोमियाई हा शब्द आता मराठीत सहसा ऐकू येत नाही. त्या जागी लोक 'किडनी' म्हणतात.